इरॅस्मसच्या मागे एक नाकारलेली डिग्री आहे

इरॅस्मस, म्हणजे युरोपातल्या विद्यार्थ्यांना काही काळ दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिकायला पाठवणारी योजना, म्हटलं की सगळे स्कॉलरशिपचंच बोलतात, पण मुळात हे प्रकरण पैशाचं नव्हतंच, होतं ते मार्क धरण्याचं. रोमची कायद्याची विद्यार्थिनी सोफिया कोराडी १९५७ मध्ये अमेरिकेची फुलब्राइट स्कॉलरशिप मिळवून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली, मास्टर्स करून परत आली आणि तिच्या विद्यापीठात विचारलं की हे माझ्या डिग्रीत धरणार ना, तर सरळ नाही म्हणाले, वर सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. तो अपमान ती विसरली नाही. पुढे इटलीतल्या कुलगुरूंच्या संघटनेची सल्लागार झाल्यावर १९६९ मध्ये तिने टिपण लिहिलं की परदेशात केलेला अभ्यास घरच्या विद्यापीठाने मानलाच पाहिजे. नंतर लोक तिला ‘मम्मा इरॅस्मस’ म्हणायला लागले ते यामुळे.

पण टिपण लिहून काय होतंय, मधे १८ वर्षं गेली. १९७६ पासून युरोपीय समुदायाने (आताच्या युरोपियन युनियनचं आधीचं रूप) विद्यापीठांच्या आपसातल्या छोट्या जॉइंट प्रोग्रॅम्सना थोडा पैसा द्यायला सुरुवात केली, पण मोठी अडचण अशी की १९५७ च्या रोम करारात उच्च शिक्षणाचा विषयच नव्हता, होतं ते फक्त व्यवसाय प्रशिक्षण. आणि इथे मला या सगळ्यातला सगळ्यात भारी भाग वाटतो तो येतो. बेल्जियममधल्या लिएजला कॉमिक्सची चित्रकला शिकायला आलेल्या एका फ्रेंच मुलीकडून परदेशी म्हणून जादा फी मागितली, ती कोर्टात गेली, आणि १९८५ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवलं की असं शिक्षणसुद्धा व्यवसाय प्रशिक्षणातच येतं, त्यामुळे हा भेदभाव चालणार नाही. म्हणजे कॉमिक्स शिकणाऱ्या मुलीच्या फीच्या भांडणातून इरॅस्मसला कायद्याचा आधार मिळाला!

तरी बजेटवरून देशांची ओढाताण चाललीच, शेवटी जून १९८७ मध्ये इरॅस्मसला मंजुरी मिळाली आणि पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. आकडा लहान वाटतो, पण पुढचं सगळं त्यावरच उभं राहिलं.

आता मुलं जायला लागली तर मार्कांचं काय, प्रत्येक देशाची पद्धत वेगळी. म्हणून १९८९ पासून ईसीटीएस नावाची क्रेडिट पद्धत, म्हणजे किती अभ्यास केला ते मोजायची पद्धत, ट्रायलवर घेतली, पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट, देश कुठलाही असो. (आपल्याकडे २०२१ पासून जी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आलीये तिच्यामागेही क्रेडिट एका ठिकाणाहून दुसरीकडे नेता यावेत हाच विचार आहे.) मग १९९८ मध्ये पॅरिसला सॉर्बोन विद्यापीठात चार देशांचे शिक्षणमंत्री बसले, आणि पुढच्याच वर्षी इटलीतल्या बोलोन्यात २९ देशांनी सह्या केल्या की डिग्र्यांची रचना एकमेकांशी जुळती ठेवायची. बोलोन्या प्रोसेस म्हणतात ती हीच.

युरोपाबाहेरच्यांसाठी दार उघडलं २००४ मध्ये, इरॅस्मस मुंडुसमुळे. यात मास्टर्स करताना एक सेमिस्टर एका देशात, पुढचं दुसऱ्या देशात, आणि भारतातली पोरं इथे भरपूर जातात. साधी एक्स्चेंज असेल तर निघायच्या आधीच लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर तीन सह्या लागतात, विद्यार्थ्याची, घरच्या विद्यापीठाची आणि तिकडच्या विद्यापीठाची, कुठले विषय धरणार ते आधीच लिहून. कोराडी परत आली तेव्हा तिच्या हातात असा कागद नव्हता.