इंजिन एकच, बिल्ला वेगळा

नागपुरात जुनी आरडी ३५०, म्हणजे राजदूत ३५० मोटरसायकल, विकायला निघाली की घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "एचटी आहे की एलटी?" म्हणजे हाय टॉर्क की लो टॉर्क, जास्त ओढीची की कमी. ही गाडी फरीदाबादला बनायची, रचना मात्र यामाहाची. सुरुवातीच्या एचटी गाड्यांत जपानहून आलेले सुटे भाग होते. नंतरच्या एलटीत देशी भाग वाढले आणि ताकदही घटली. सदर भागातल्या एखाद्या गॅरेजात टाकीखाली वाकून कार्ब्युरेटरवरचा जपानी छाप शोधणारा शौकीन एचटीला खुशीने जास्त पैसे देतो. ते पैसे जपानचे की ताकदीचे? दोन्ही गोष्टी एकाच गाडीत असल्याने त्यालाही हे वेगळं काढता येणार नाही.

जगभरातल्या संग्राह्य स्पोर्ट्स कारच्या बाजारातही हाच पेच आहे. टोयोटा २०००जीटी ३५१ बनल्या, फेरारी २७५ जीटीबी/४ त्याहून थोड्या कमी, आणि काळही तोच, १९६०च्या दशकाचा उत्तरार्ध. तरी लिलावात फेरारी साधारण दुप्पट-तिप्पट भावाने जाते. यावरून इटलीचं नाव विकतं असं म्हणणं घाईचं ठरेल. फेरारीला बारा सिलिंडर आहेत, टोयोटाला सहा, आणि फेरारीमागे शर्यतींचा मोठा वारसा आहे.

किमतीतले असे घटक सुटे करण्याची संख्याशास्त्रीय रीत मोटारींवर नावारूपाला आली. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ अँड्र्यू कोर्ट यांनी १९३९ साली गाडीचं वजन, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर आणि अश्वशक्ती यांचा किमतीतला वाटा वेगवेगळा मोजून दाखवला. पुरेशा विक्रीचे आकडे हाती असतील तर याच रीतीने बाकी सगळं समान धरून उगमाचा, म्हणजे गाडी कुठली याचा, वाटा किती, हे काढता येतं. दुर्मीळ गाड्यांची मुळात विक्रीच कमी, म्हणून इतिहासाने आपोआप केलेले प्रयोग मला जास्त मोलाचे वाटतात.

त्यातला सर्वांत सुंदर प्रयोग म्हणजे डिनो. फॉर्म्युला-२ या मोटार शर्यतींच्या १९६७च्या नियमांनुसार शर्यतीचं इंजिन किमान ५०० विकाऊ गाड्यांत बसवलेलं असणं भाग होतं. फेरारीला तेवढं उत्पादन झेपणारं नव्हतं, म्हणून ते सहा सिलिंडरचं व्ही-६ इंजिन फियाटने बनवलं. ते फेरारीच्या डिनोत बसलं आणि फियाट डिनोतही. १९६९च्या अखेरीपासून तर फियाट डिनोची जुळणीही फेरारीच्या मारानेल्लोच्या कारखान्यातच होऊ लागली. देश एक, गाव एक, इंजिन एक. तरी आज फेरारीची डिनो २४६ फियाट डिनोच्या कित्येक पट भावाने विकली जाते. सगळाच फरक नावाचा नाही, कारण डिनोचं इंजिन चालकाच्या मागे असतं, फियाटचं पुढे, आणि दोघींची अंगकाठीही वेगळी. पण 'इटालियन' हा शब्द किमतीचा उलगडा करायला किती अपुरा आहे, ते इथे दिसतं.

मग देशाचं नाव कुणावर चालतं? ग्राहकांच्या वागण्याचे अभ्यासक दुराईराज महेश्वरन यांचं १९९४चं संशोधन सांगतं की नवखा ग्राहक उत्पादक देशावर भिस्त ठेवतो. जाणकार वस्तूचे गुण तपासतो. मात्र माहिती संदिग्ध असली की तोही देशाकडेच वळतो. जुन्या गाडीचे कागद आणि इंजिन नंबर जुळत असतील तर देशाचा प्रभाव उतरायला हवा, असं मी यावरून म्हणेन.

जॉर्ज न्यूमन आणि रवी धर या संशोधकांनी २०१४ साली आणखी खोलवरची गोष्ट मांडली. लिव्हाइसची जीन्स कंपनीच्या मूळ कारखान्यातली आहे असं कळलं की लोकांना ती जास्त अस्सल वाटते. म्हणजे ओढ असते ती वस्तू जिथे पहिल्यांदा घडली त्या जागेची.

जॅग्वार एक्सकेएसएस या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे भाव याच दिशेला बोट दाखवतात. १९५७च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या कव्हेंट्रीतला जॅग्वारचा कारखाना जळाला, नऊ गाड्या खाक झाल्या आणि एकूण सोळाच बनल्या. २००८ साली जॅग्वार टाटा मोटर्सकडे आली. पुढे २०१६ साली कंपनीने त्या नऊ गाड्या जुन्या आराखड्यांबरहुकूम हाताने घडवून पुऱ्या करायचं जाहीर केलं. नव्या गाडीची किंमत दहा लाख पौंडांहून जास्त ठेवली होती. मूळ सोळा गाड्यांपैकी एक, मालकी भारतात येऊन पंधरा वर्षं झाल्यावर, २०२३च्या लिलावात एक कोटी तीस लाख डॉलरच्या पुढे गेली.