पहिलं गृहकर्ज आणि पहिला थकलेला हप्ता

3 जानेवारी 1831 ला फिलाडेल्फियाजवळच्या फ्रँकफर्ड गावातल्या एका गुत्त्यात काही गिरणीमालक, कारागीर आणि व्यापारी जमले. त्यांनी ‘ऑक्सफर्ड प्रॉव्हिडंट बिल्डिंग असोसिएशन’ नावाची एक संस्था काढली. आपल्याकडची लिलाव भिशी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचा कारभार लगेच कळेल. सगळ्यांनी महिन्याला ठरलेली वर्गणी भरायची, पुरेसे पैसे साठले की सभासदांनी बोली लावायची आणि ज्याची बोली वर जाईल त्याला घरासाठी कर्ज मिळायचं. पहिली पाळी कॉमली रिच यांची आली. रस्त्यावरचे दिवे लावायचे आणि जोडीला कंगवे बनवायचे, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. त्यांनी फ्रँकफर्डमध्येच छोटं घर घेतलं. अमेरिकेतल्या संस्थात्मक गृहकर्जाचा इतिहास इथून सुरू झाला असं मानतात. पुढे रिच यांचे हप्ते थकले. ते कर्ज दुसऱ्या एका सभासदानं आपल्या अंगावर घेतलं.

सामान्य माणसाला घर घ्यायला मदत करणं आणि घेतलेलं घर हातचं जाऊ न देणं, ही दोन कामं आज अमेरिकेतल्या शहरांच्या अंदाजपत्रकात वेगवेगळ्या नावांखाली दिसतात. फ्रँकफर्डच्या त्या संस्थेत ती दोन्ही एकाच वहीत होती. पुढे ती वेगळी झाली, आणि फिलाडेल्फियानं या फारकतीची किंमत किमान दोनदा मोजली.

अशा संस्था एकोणिसाव्या शतकात या शहरात गल्लोगल्ली निघाल्या. त्यांच्या पैशातून विटांच्या, एकमेकींना भिंत लावून उभ्या असलेल्या अरुंद घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यामुळे न्यूयॉर्कचा कामगार भाड्याच्या खुराड्यात राहत असताना फिलाडेल्फियाचा कामगार स्वतःच्या उंबरठ्यावर बसू शकत होता, आणि शहराला ‘घरांचं शहर’ हे बिरूद मिळालं. 2000 च्या जनगणनेतही इथली जवळजवळ 59 टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहत होती. इतक्या गरिबी असलेल्या मोठ्या शहरासाठी हे प्रमाण फार वरचं आहे. घरमालक म्हणजे खाऊनपिऊन सुखी, ही समजूत इथे लागू पडत नाही.

महामंदीत ही सगळी व्यवस्था कोसळली. त्या काळची बँकांची गृहकर्जं तीन ते पाच वर्षांची असत. मुदत संपली की मुद्दल एकरकमी भरायचं, नाहीतर कर्ज नव्यानं करून घ्यायचं. बँकाच बुडाल्यावर नवं कर्ज देणार कोण? 1933 मध्ये केंद्र सरकारनं ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ काढलं आणि तीन वर्षांत सुमारे दहा लाख कुटुंबांची थकलेली कर्जं विकत घेऊन त्यांना पंधरा वर्षांच्या समान हप्त्यांत बांधून दिली. जप्ती टाळण्याचं इतकं मोठं काम अमेरिकेत त्याआधी झालं नव्हतं. पण त्याच महामंडळानं शहरांचे नकाशे काढले आणि ‘धोक्याच्या’ वस्त्या लाल रंगवल्या. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या त्यात सर्रास लाल झाल्या. 1934 मध्ये निघालेल्या ‘फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन’नंही याच विचारानं कर्जांना हमी दिली किंवा नाकारली. उत्तर फिलाडेल्फियातल्या अशा लाल वस्तीतल्या माणसाला पगार असूनही बँकेचं दार बंद राहिलं ते पुढची तीन दशकं.

1968 मध्ये ते दार उघडलं, पण वाईट रीतीनं. त्या वर्षीच्या गृहनिर्माण कायद्यात ‘कलम 235’ होतं. कमी उत्पन्नाच्या कुटुंबानं अवघे 200 डॉलर भरायचे, व्याजाचा भार सरकारनं इतका उचलायचा की कुटुंबाला तो एक टक्क्यापर्यंत खाली यावा. कागदावर योजना उत्तम होती. प्रत्यक्षात दलालांनी गळकी, मोडकळीस आलेली घरं मातीमोल भावानं उचलली, वरवर रंग मारला, मूल्यांकन करणाऱ्याला हाताशी धरलं आणि दुप्पट-तिप्पट किमतीला ती गरीब कुटुंबांच्या गळ्यात मारली. कर्जाला सरकारची हमी असल्यामुळे बँकेला फिकीर नव्हती. पहिल्या हिवाळ्यात बॉयलर बंद पडला की दुरुस्ती करायची की हप्ता भरायचा, हा प्रश्न त्या घरात उभा राहायचा. ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’च्या डोनाल्ड बार्लेट आणि जेम्स स्टील यांनी 1971 मध्ये हा गैरव्यवहार चव्हाट्यावर आणला. 1973 च्या जानेवारीत निक्सन सरकारनं नवी अनुदानं गोठवली. तोवर शहरात सरकारच्या ताब्यात आलेल्या रिकाम्या घरांच्या ओळी लागल्या होत्या. घर घेऊन देण्यावर सगळा पैसा ओतला आणि घेतल्यानंतर त्या कुटुंबाकडे कुणीही फिरकलं नाही. माझ्या मते या योजनेचं खरं पाप तेच होतं.

पुढच्याच वर्षी, 1974 मध्ये, केंद्रानं शहरांना एकठोक विकासनिधी देण्याचा कायदा केला. कशावर खर्च करायचा हे बऱ्याच अंशी शहरानं ठरवायचं होतं. आज फिलाडेल्फियात जे गृहसमुपदेशक, म्हणजे घर आणि गृहकर्जाबद्दल सल्ला देणारे लोक, विनामूल्य कागदपत्रं तपासून देतात, त्यांच्या संस्थांना शहराकडून मिळणाऱ्या पैशाचा मोठा स्रोत हाच निधी आहे.

जप्ती रोखण्याचा धडा मात्र पेनसिल्व्हेनिया राज्याच्या दुसऱ्या टोकाकडून आला. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पिट्सबर्गच्या परिसरातले पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद पडत गेले. जानेवारी 1983 मध्ये तिथले शेरीफ, म्हणजे जप्त घरांचे लिलाव करणारे अधिकारी, यूजीन कून यांनी बेरोजगार कामगारांच्या घरांचे लिलाव थांबवले. त्याच वर्षाच्या शेवटी पेनसिल्व्हेनिया विधिमंडळानं ‘कायदा 91’ केला. तेव्हापासून बँकेला दावा लावण्याआधी कर्जदाराला नोटीस द्यावी लागते आणि तीत जवळच्या समुपदेशन संस्थांचे पत्ते छापावे लागतात. कर्जदारानं 33 दिवसांत समुपदेशकाला गाठलं तर राज्याकडे मदतीचा अर्ज जातो, आणि मंजूर झाला तर हप्ते काही काळ राज्य भरतं. ही मदत म्हणजे दान नाही, कर्ज आहे. नोकरी लागली की फेडायचं. 2011 मध्ये राज्यानं या योजनेचा निधी इतका कापला की ती बंद पडली. पुढच्या वर्षी बड्या बँकांशी झालेल्या राष्ट्रव्यापी तडजोडीच्या पैशातून ती पुन्हा उभी राहिली.

मराठी वाचकानं इथे एक फरक लक्षात घ्यावा. भारतात 2002 च्या सरफेसी कायद्यानं बँक 60 दिवसांची नोटीस देऊन, कोर्टाची पायरी न चढता, तारण घराचा ताबा घेऊ शकते. पेनसिल्व्हेनियात बँकेला दिवाणी दावा करून निकाल मिळवावा लागतो, आणि मग शेरीफ लिलाव पुकारतो. वाटेत न्यायाधीश उभा असतो. पुढचं सगळं त्यामुळे घडू शकलं.

मार्च 2008 मध्ये सबप्राइम कर्जांचा, म्हणजे फेडीची खात्री कमी असलेल्यांना दिलेल्या महागड्या कर्जांचा, फुगा फुटला होता आणि फिलाडेल्फियात शेरीफच्या लिलावाची यादी वाढत चालली होती. नगरपरिषदेनं ठराव करून एप्रिलचा लिलाव थांबवण्याची विनंती केली, आणि शेरीफ जॉन ग्रीन यांनी तो थांबवला. (याच ग्रीन यांना पुढे आपल्या कार्यालयाच्या कंत्राटांतल्या लाचखोरीबद्दल तुरुंगवास झाला. हेही नोंदवायला हवं, पण त्यानं एप्रिलच्या निर्णयाचं मोल कमी होत नाही.) एप्रिलच्या मध्यावर शहरातल्या न्यायालयाचे अध्यक्ष न्यायाधीश डार्नेल जोन्स यांनी आदेश काढला: ज्या घरात मालक स्वतः राहतो त्या घराचा लिलाव बँक आणि कर्जदार समोरासमोर बसल्याशिवाय होणार नाही. या कामाची धुरा न्यायाधीश ॲनेट रिझो यांनी उचलली.

या भेटी सिटी हॉलमधल्या 676 क्रमांकाच्या दालनात होत. पिशवीत पगाराच्या पावत्या, विजेची बिलं, न उघडलेली पाकिटं घेऊन माणसं यायची. न उघडलेली, कारण बँकेचं पत्र उघडण्याची हिंमतच संपलेली असते. समुपदेशक ती पाकिटं टेबलावर एकेक करून उघडायचा, महिन्याची आवक-जावक कागदावर मांडायचा. शेजारी मोफत काम करणारा वकील असायचा. समोर बँकेचा वकील. आधी महिनोन्‌महिने ज्या बँकेचा फोन फक्त ‘प्रतीक्षा करा’ म्हणायचा, तिचा माणूस आता हाताच्या अंतरावर बसलेला. हप्ता कमी करा, मुदत वाढवा, थकबाकी शेवटाला जोडा, आणि काहीच जमत नसेल तर निदान सन्मानानं बाहेर पडायला वेळ द्या, अशी बोलणी व्हायची.

शहराचा पैसा यात मुख्यतः तीन ठिकाणी गेला: समुपदेशक, मदतीची फोनलाइन आणि दारोदार फिरणारे कार्यकर्ते. मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते हे कार्यकर्ते. दावा दाखल झाला की वस्तीतल्याच संस्थेचा माणूस त्या घराची कडी वाजवायचा आणि सांगायचा, अमुक तारखेला जा, घर अजून गेलेलं नाही. ‘रिइन्व्हेस्टमेंट फंड’ या फिलाडेल्फियातल्याच संस्थेनं 2011 मध्ये या उपक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण 70 टक्के कर्जदार भेटीला आले होते. ज्यांचा समझोता झाला त्यांच्यापैकी सुमारे 85 टक्के नंतरही आपल्याच घरात होते. समझोता सर्वांचा झाला नाही, निम्म्यांचाही नाही. तरीही ही पद्धत देशभरातल्या शहरांनी उचलली.

कर्जच नसलेली घरंही जातात, हे नंतर नीट लक्षात आलं. घर आजीच्या नावावर, आजी गेली, नातू तिथेच राहतो, पण खरेदीखतावर नाव बदललेलं नाही. गावाकडच्या सातबाऱ्यावर वारसनोंद राहून गेल्यासारखंच. असा नातू घरपट्टी थकली तर हप्ते बांधून मागायला गेला की अडतो, दुरुस्तीचं अनुदान मागायला गेला की अडतो. 2021 मध्ये ‘प्यू’ या संशोधन संस्थेनं मोजलं तेव्हा फिलाडेल्फियात अशी 10,000 हून जास्त घरं निघाली, एकूण किंमत 1.1 अब्ज डॉलर. वारसनोंदीचा कोर्टखर्च आणि थकलेली शुल्कं भरण्यासाठी वेगळा निधी आहे. त्यातून दर घरामागे खर्च होणारी रक्कम नवं घर बांधण्याच्या तुलनेत किरकोळ असते.

आणि घर घेऊन देण्याचं काम? जून 2019 मध्ये शहरानं ‘फिली फर्स्ट होम’ सुरू केली: पहिल्यांदा घर घेणाऱ्याला किमतीच्या 6 टक्के किंवा 10,000 डॉलर, यांतली कमी असेल ती रक्कम. मागणी इतकी आली की वर्षभरात तिजोरी रिकामी झाली आणि योजना थांबवावी लागली. 2021 मध्ये मंजूर झालेल्या 40 कोटी डॉलरच्या रोखे-कार्यक्रमातून तिला पुन्हा पैसा मिळाला. ही रक्कम पंधरा वर्षं त्या घरावर बोजा म्हणून नोंदलेली राहते. तोवर कुटुंब तिथे राहिलं तर बोजा उतरतो, आधी घर विकलं तर रक्कम परत करायची. अर्ज करायचा असेल तर एक अट आहे, आणि कलम 235 मध्ये जे राहून गेलं ते या अटीत आहे: खरेदीच्या करारावर सही करण्याआधी शहराच्या पैशावर चालणाऱ्या समुपदेशन संस्थेत जाऊन बसायचं. हप्ते थकल्यावर 676 क्रमांकाच्या दालनात कर्जदारांशेजारी बसायला याच संस्थांचे समुपदेशक यायचे.