दाढेच्या भिंती

रूट कॅनल झालं की डॉक्टर कॅप बसवायला सांगतात, आणि त्याचं कारण आपल्याला भलताच कुणीतरी समजावतो: "नस काढली ना, आता दात मेला. वाळक्या काटकीसारखा मोडणार." मीही बरीच वर्षं हेच धरून चाललो होतो. सल्ला बऱ्याचदा बरोबर असतो, कारण मात्र चुकीचं.

नस काढल्यामुळे डेंटिन, म्हणजे इनॅमलच्या आतला दाताचा मुख्य भाग, फारसा ठिसूळ होत नाही. १९९२ साली रूट कॅनल झालेले आणि जिवंत दात जोडीजोडीने तपासले, तेव्हा दोन्हींच्या डेंटिनमध्ये नाव घेण्यासारखा फरक आढळला नाही. त्याआधी १९८९ मध्ये काढलेल्या उपदाढांवर दाब देऊन त्यांचा ताठपणा मोजला होता. रूट कॅनलसाठी वरून भोक पाडलं तर तो घटला जेमतेम ५ टक्के. फिलिंगसाठी फक्त माथ्यावर खड्डा केला तर २० टक्के. पण पुढची आणि मागची कड कापून आरपार खाच पाडली, तेव्हा तब्बल ६३ टक्के!

या कडांमध्येच सगळी गोम आहे. ड्रॉवरची पुढची आणि मागची फळी काढून टाका. बाजूच्या फळ्या लगेच लटपटायला लागतील. दाढेचं तसंच. गालाकडचे आणि जिभेकडचे उंचवटे या दोन कडांनी एकमेकांना बांधलेले असतात. कीड बऱ्याचदा दोन दातांच्या फटीत सुरू होते आणि नेमकी ही कडच खाते. मग उंचवटे सुटे पडतात, प्रत्येक जण एकटा उभा असतो.

एका टोकाला घट्ट धरलेल्या पट्टीचं गणित इथे लावून बघा. टोकावर तेवढाच जोर दिला, पण पट्टीची लांबी दुप्पट केली, तर ती आठपट वाकते. जाडी निम्मी केली तरी आठपट. दोन्ही एकदम केलं तर चौसष्टपट. दाढेची भिंत आखूड नि जाडजूड, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण कल तोच. रूट कॅनलचा खरा तोटा इथे कळतो: खड्डा नसेच्या पोकळीच्या तळापर्यंत जातो, म्हणजे भिंतीची उंची वाढते. कीड काढताना जाडी आधीच गेलेली असते. घास दोन उंचवट्यांमध्ये पाचरीसारखा शिरतो आणि एक दिवस साध्या घासाला तुकडा पडतो.

विळ्याची मूठ चिरू नये म्हणून तिला धातूचं कडं घालतात. कॅपचं काम तेच. पुढच्या दातांना असे उंचवटेच नसतात. म्हणूनच १९८४ साली हजाराहून अधिक रूट कॅनल झालेल्या दातांची पाहणी झाली, तेव्हा कॅपचा फायदा दाढा-उपदाढांना दिसला, पुढच्यांना फारसा नाही.

नस अजून जिवंत असलेल्या दातातला तडा ओळखायची खूण मजेशीर आहे. डॉक्टर एकेका उंचवट्यावर छोटी काडी ठेवून चावायला लावतात. कळ बऱ्याचदा चावताना नाही, दाब सोडताना येते. डेंटिनमध्ये द्रवाने भरलेल्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. दाबाने तडा उघडतो, सोडला की मिटतो, द्रव झटक्यात हलतो आणि आतली नस ठणकते. बाजूने प्रकाश टाकला तर तड्यापर्यंत दात उजळतो, पलीकडे अंधार. इनॅमलवरच्या वरवरच्या रेषा प्रकाश अडवत नाहीत. आरशात त्या दिसल्या म्हणून कॅपची घाई नको.

"कीड" हा शब्दही फसवाच. दातात किडा नसतो, जिवाणूंचं आम्ल असतं. पिअर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्येच दातातल्या किड्याची कल्पना खोडून काढली. बियांची धुरी देऊन जे पांढरे "किडे" पाडून दाखवतात, ते त्या बियांचेच कोंब असतात.

पण सरसकट कॅप घालणंही बरं नव्हे. पूर्ण कॅपसाठी दाताचा दिसणारा भाग चहूबाजूंनी घासावा लागतो. काही रचनांमध्ये त्यातला ६३ ते ७२ टक्के भाग जातो, असं २००२ मध्ये वजन करून दाखवलं गेलं. कडा शाबूत असलेल्या दाढेला साधं फिलिंग पुरतं. फक्त उंचवटे झाकायचे असतील तर ऑनले, म्हणजे फक्त वरून झाकणारं अर्धवट आवरण, बसवता येतं. आणि कॅपला धरायला काहीतरी लागतंच: हिरडीच्या वर सभोवार दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात उरला नसेल, किंवा तडा थेट मुळात उतरला असेल, तर झिरकोनियाची महागडी कॅपसुद्धा त्या दाढेला फार दिवस सांभाळू शकत नाही.