सुपरहिरोचा दुसरा भाग: पूर्वकथा वेगळी, ग्राफ वेगळा

सुपरहिरो सिनेमाचा दुसरा भाग लागला की आठवडाभर एकच वाक्य ऐकावं लागतं: "ॲक्शन तर आहेच, पण या वेळी कॅरेक्टर डेव्हलपमेंटपण केलीय." म्हणजे नेमकं काय केलंय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "हिरोच्या बापाचं दाखवलंय ना. लहानपणीचं सगळं दाखवलंय." लातूरला क्लाससाठी खोली करून राहणारी पोरं रविवारचा शो टाकून येतात तेव्हा हेच म्हणतात. संभाजीनगरात नाट्यशास्त्र शिकलेली मंडळी जरा जड शब्दांत हेच म्हणतात, आणि यूट्यूबवरचे परीक्षक तर पाच मिनिटांत तीनदा म्हणतात.

बापाचं दाखवलं ही झाली पूर्वकथा. पात्राची वाढ, नाटकवाले जिला ग्राफ म्हणतात, ती दुसरीच चीज आहे. दोन्ही ठिकाणी मारामारी थांबते, कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो आणि मागे व्हायोलिन सुरू होतं, म्हणून लोक दोन्ही एकाच पोत्यात भरतात.

ॲक्शनबद्दल मी काही सांगत बसत नाही, ती तुम्हाला माझ्याहून जास्त कळते. सीक्वेल आणि रीबूटचा घोळही एका दमात उरकतो. आधी घडलेलं धरून गोष्ट पुढे गेली तर सीक्वेल, पाटी पुसून पहिल्यापासून मांडली तर रीबूट. २००२ साली स्पायडरमॅन आला, २००४ साली त्याचा दुसरा भाग. २०१२ साली नट बदलून पोराला पुन्हा नव्याने कोळी चावला, तो रीबूट. झालं.

आता खरी गल्लत. पूर्वकथेत पात्राबद्दलची माहिती वाढते, आणि ती वाढते आपल्या डोक्यात. पात्र जिथं होतं तिथंच उभं असू शकतं. ग्राफ दिसतो तो निर्णयात. जो निर्णय हा माणूस सिनेमाच्या सुरुवातीला घेऊच शकला नसता, तो शेवटाकडे घेतो, आणि त्याची किंमत त्याच्याच पदरातून जाते. डोळ्यांतलं पाणी हा दोन्हींचा पुरावा नाही. रडायला तर खलनायकाचा कुत्रा मेला तरी येतं.

२००४ च्या स्पायडरमॅन २ मधला एक प्रसंग घ्या. दिग्दर्शक सॅम रायमीने त्यात फरक इतका उघडा करून ठेवलाय की एवढं बघूनही लोक कसे घोळ घालतात, याचं मला नवल वाटतं. पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडरमॅन, मे काकूसमोर टेबलाशी बसलाय. बेन काका गेले त्या रात्री एका चोराला आपण अडवू शकलो असतो आणि मुद्दाम जाऊ दिलं, हे तो तिला सांगतो. त्याच चोराने काकांना मारलं. आता बघा, यातली एकही गोष्ट प्रेक्षकाला नवीन नाही. पहिल्या भागात आपण हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय. इथे फ्लॅशबॅक टाकायचा मोह कुठल्याही दिग्दर्शकाला झाला असता, पण इथे नुसतं दोन माणसांचं बोलणं आहे. बोलणं संपतं, काकू त्याच्या हातातला आपला हात काढून घेते, उठते, आणि एक शब्द न बोलता वरच्या खोलीत निघून जाते. पीटर तिथंच बसून राहतो.

माहिती शून्य वाढली, आणि माणूस कितीतरी पुढे सरकला. ज्या पोराने पहिल्या भागापासून हे पोटात दाबून ठेवलं, त्याने जवळचं एकुलतं एक माणूस पणाला लावून ते ओकलं. हा ग्राफ. पूर्वकथेची एक ओळही खर्ची न पडता मिळालेला.

याच्यासमोर २०१४ चा अमेझिंग स्पायडरमॅन २ ठेवा. सुरुवातच पीटरच्या आईबापापासून: विमान, मागावर आलेला मारेकरी, घाईघाईने पाठवलेल्या फाइली. पुढे पीटरला जुन्या भुयारी रेल्वेत लपवलेली बापाची प्रयोगशाळा सापडते, बापाचा व्हिडिओ सापडतो, आणि ज्या कोळ्यांपैकी एक त्याला चावला त्यांच्यात बापाचंच रक्त होतं हे कळतं. माहितीची अगदी रेलचेल. आता हे सगळं वगळून बघा. फ्लॅशबॅक चालू असताना तुम्ही बाहेर जाऊन चहा पिऊन आलात, तर पीटरच्या कुठल्या निर्णयाचा अर्थ लागायचा राहतो? एकाही नाही. त्या सिनेमात जे खरोखर हलतं ते त्याच्या प्रेयसीच्या, ग्वेनच्या मरणापाशी. तिच्या बापाला दिलेला शब्द त्याने मोडलेला असतो, ती जाते, तो मुखवटा टाकून देतो, आणि महिन्यांनी एक चिमुरडा त्याचाच पोशाख घालून रस्त्यात उभा राहतो तेव्हा परततो. हे चांगलं जमलंय. आईबापाचं प्रकरण त्याच्या अंगावर उगाच लादलेलं ओझं आहे.

आणि २००७ चा तिसरा भाग तर उलट्या दिशेने गेला. तिथे भूतकाळच बदलला: काकांवर गोळी झाडणारा तो चोर नव्हताच, दुसराच माणूस होता. मला हा प्रकार मनापासून आवडत नाही. दोन सिनेमे ज्या अपराधावर उभे होते त्याची धार एका नव्या पूर्वकथेने बोथट केली. शेवटी पीटर त्या माणसाला माफ करतो, तो प्रसंग बरा आहे, मी नाकारत नाही. पण माफीसाठी आधी जखमच दुसऱ्याच्या नावावर चढवायची, ही कसली कारागिरी?

कुणी म्हणेल, मग पूर्वकथा नकोच का? तसं नाही. २०१४ च्याच कॅप्टन अमेरिकाच्या दुसऱ्या भागात एक छोटासा फ्लॅशबॅक आहे. स्टीव्हची, म्हणजे कॅप्टन अमेरिकाची, आई गेलीय, तो एकटाच राहीन म्हणतो, आणि त्याचा दोस्त बकी त्याला शेवटपर्यंत सोबत असल्याचं सांगतो. अगदी साधा प्रसंग. पण शेवटच्या मारामारीत तोच बकी मेंदू धुवून पाठवलेला मारेकरी होऊन समोर येतो, तेव्हा स्टीव्ह हातातली ढाल खाली नदीत टाकून देतो, लढायला नकार देतो आणि मार खात खात तेच शब्द त्याला परत ऐकवतो. इथे फ्लॅशबॅक काढला तर शेवट लंगडा पडतो. पूर्वकथा आली, पण ग्राफच्या कामाला आली. अशी पूर्वकथा हजारदा आणा.

मग बॅटमॅनचा खलनायक जोकर येतोच मध्ये. द डार्क नाईट, २००८. "सर, जोकरचं कॅरेक्टर डेव्हलपमेंट काय भारी होतं!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मान डोलावून पुढे जातो. जोकर पहिल्या प्रवेशात जो असतो तोच शेवटी असतो, तसूभर हलत नाही. त्याची पूर्वकथाही नाही: तोंडावरच्या जखमांची तो दोनदा गोष्ट सांगतो, एकदा बापाची, एकदा बायकोची, आणि दोन्ही एकमेकींशी जुळत नाहीत. जोकर झालेल्या हीथ लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळालं ते अभिनयासाठी, आणि अगदी योग्य. पण ना पूर्वकथा, ना ग्राफ, तरी जबरदस्त पात्र, असंही असतं. तो बाकीच्यांना हलवतो. ग्राफ हवा असेल तर सरकारी वकील हार्वे डेंटकडे बघा, कायद्यावर विश्वास असलेला माणूस नाणं उडवून जीव घ्यायला लागतो. आणि बॅटमॅनकडे बघा, जो शेवटी डेंटचे खून आपल्या नावावर घेऊन पळतो.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर क्रिश ३, २०१३. खलनायकाचं नाव 'काल', त्याची जन्मकथा तिथे ऐसपैस सांगितलीय. तो क्रिशच्या बापाच्या, रोहितच्याच डीएनएपासून झालेला, म्हणजे एका अर्थी त्याचाच मुलगा. कळल्यावर टाळ्या पडल्या, आणि काल मात्र पुढच्या प्रसंगात आधीच्याच जोमाने दुष्टपणा करत राहिला. त्या सिनेमात खरी बदलली ती काया. कालने बनवलेली मानवर, म्हणजे अर्धी माणूस अर्धी जनावर, रूप बदलून क्रिशच्या घरात शिरलेली, प्रेमात पडते आणि ज्याने जन्माला घातलं त्याच्यावर उलटते, जीव गमावते. पोस्टरवर तिचा चेहरा कुठल्या कोपऱ्यात होता ते जाऊ द्या, ग्राफ तिचा होता.

या गल्लतीतूनच "समतोल" नावाची दुसरी अंधश्रद्धा जन्मते. अर्धा तास हाणामारी, अर्धा तास रडारड, की झाला ॲक्शनचा आणि पात्रांचा समतोल! मुलाखतींत हे ऐकलं की मी आवाज बंद करतो. स्पायडरमॅन २ मधली रेल्वेची मारामारी कुठल्या खात्यात टाकाल? खलनायक डॉक्टर ऑक्टोपस गाडीचा वेग आवरणारा दांडा मोडून निघून जातो, पीटर मुखवट्याशिवाय पुढे उभा राहून जाळ्यांनी गाडी ओढून धरतो आणि बेशुद्ध पडतो. आतले प्रवासी त्याला डोक्यावरून हातोहात मागे नेतात, आणि तोंड बघून म्हणतात, हा तर पोरगाच आहे. आख्खा सिनेमाभर ज्याने तोंड लपवलं, त्याचं तोंड आता अनोळखी लोकांच्या भरवशावर. सगळ्या सिनेमातली सगळ्यात जोरदार ॲक्शन हीच, आणि पात्राची वाढही इथंच. कुठे कापायची रेघ?

आता हे मी का उगाळतोय ते सांगतो. आमच्याकडची पोरं आता स्वतःच सुपरहिरो लिहायला लागलीत. एकांकिका, लघुपट, मोबाइलवर शूट केलेलं काहीबाही. मला त्याचा आनंदच आहे. पण मराठवाड्याचा हिरो म्हटला की पहिल्या चार पानांत भेगाळलेलं रान, बापाचा गळफास आणि ब्लॅक अँड व्हाइट ठरलेलं. ज्या घरात हे खरंच घडलंय त्या घरातलं पोरगंही प्रेक्षकांत बसलेलं असतं. त्याला तुम्ही काय नवीन सांगताय?

एका पोराची कल्पना मात्र झकास होती. हिरो पाणाड्या. साधा नारळ घेऊन फिरणारा नव्हे, तर खडकाखालचं पाणी ज्याला उघड्या डोळ्यांनी दिसतं असा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, मांजरा धरण कोरडं पडलं होतं, त्या उन्हाळ्यात गोष्ट घडते. पहिल्या भागात पोरगं गावाला पाण्याच्या जागा दाखवतं, बोअर लागतात, गाव डोक्यावर घेतं. उत्तम. दुसऱ्या भागात काय, विचारलं.

"सर, त्याच्या आज्याचं दाखवू. आज्याबी पाणाड्याच होता म्हणून."

"बरं. मग?"

"मग लोकांला वाईट वाटंल ना सर, आज्या हिरीत पडून मरतो."

वाईट वाटेल, शंका नाही. पण आज्या मेला काय, जगला काय, हिरो उद्या सकाळी उठून काय वेगळं करणार? त्याला म्हटलं, आज्याला राहू दे गप. तुझ्या हिरोने दाखवलेल्या जागांवर आता किती बोअर झालेत ते बघ. सहाशे फुटांवर लागणारं पाणी आठशेवर गेलं. शेजारच्या वस्तीच्या विहिरी आटल्या, त्या याच्याच डोळ्यांपायी. आता ज्या तात्यांनी त्याला सांभाळलं, त्यांच्या उसाला पाणी कमी पडतंय, आणि रात्री बोअरची गाडी त्यांच्या रानात येऊन उभी आहे. तात्या विचारतात, "कुठं घालू पॉइंट, सांग." पोराला पाणी दिसतंय. अगदी पायाखाली दिसतंय. पहिल्या भागातला हिरो लगेच बोट दाखवून मोकळा झाला असता.

ॲक्शनसाठी टँकरवाला खलनायक ठेव, त्याची माणसं ठेव, रॉड खाली जाताना गाडीच्या मचाणावर चढून केलेली मारामारी ठेव, धूळ उडू दे, हायड्रॉलिकचा आवाज कानठळ्या बसवू दे. पण गुंड संपल्यावर मध्ये तात्या उभे राहिले पाहिजेत, आणि पोराने तोंड उघडायचं की नाही हे त्या मचाणावरच ठरलं पाहिजे, खाली उतरून बाजेवर बसून नव्हे. न सांगितलं तर घर तुटतं, गावातली पत जाते. सांगितलं तर तो पहिल्या भागातलाच पोरगा राहतो, फक्त अंगावरचा पोशाख नवा. पोरगं जरा गप्प बसलं, मग म्हणालं, "पण सर, आज्याचा एक तरी सीन ठेवू की." ठेव म्हटलं. शेवटी एडिटिंगला कळेलच.

राहिला क्रेडिट संपल्यावरचा तुकडा. तोही लोक हल्ली पात्राच्या वाढीत धरतात, म्हणे "शेवटी हिरोचं पुढचं रूप दाखवलं." ती पुढच्या तिकिटाची जाहिरात आहे. तिच्यासाठी खुर्चीत बसून राहायचं, की गर्दीच्या आधी पार्किंगमधून गाडी काढायची, ते ज्याचं त्याने बघावं. मी गाडी काढतो.