सिकलसेलग्रस्त तरुणांच्या भावना आणि उपचारपालन (नागपूर)

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत, अधिक आढळतो. सदोष जनुक आईवडील दोघांकडून आला तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आला तर ‘एएस’, म्हणजे वाहक. रुग्णाच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, छातीत असह्य कळा येतात. हाच ‘क्रायसिस’. तो टाळण्यासाठी भरपूर पाणी पिणे, ऊन आणि गारठा चुकवणे, क्रायसिस कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज घेणे हे घरोघरी ठाऊक असते. तरीही किशोरवयात नेमके हेच सुटते. मोठी माणसे त्याला निष्काळजीपणा म्हणतात. मुळाशी बहुधा लाज, भीती किंवा चीड असते.

पाण्याचेच घ्या. या आजारात मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही, त्यामुळे सारखे जावे लागते. काहींचे मोठेपणीही रात्री अंथरूण ओले होते. वर्गात पुन्हा पुन्हा परवानगी मागायची लाज, त्यात स्वच्छतागृह घाण, मग मुली पाणीच पीत नाहीत. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जाणाऱ्या नागपुरात ही लाज थेट क्रायसिसपर्यंत नेऊ शकते. शिक्षकांनी न विचारता बाहेर जाऊ दिले, तर बाटलीभर उपदेशापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

हायड्रॉक्सियुरिया काही कर्करोगांतही देतात. मोबाईलवर तेवढेच वाचून घाबरलेला मुलगा गोळी लपवतो. गुण यायला काही महिने लागतात आणि नागा केल्याचा फटका त्याच दिवशी बसत नाही, म्हणून ती भीती खरी वाटत राहते. उलट, बरे वाटू लागल्याच्या आनंदातही गोळ्या बंद होतात.

कळा दुसऱ्याला दिसत नाहीत. ‘नाटक करतो’ हे एकदा ऐकलेला तरुण पुढच्या वेळी घरीच वेदनाशामक घेऊन पडून राहतो. प्लीहा (जंतुसंसर्गाशी लढणारा पोटातला अवयव) निकामी झालेल्या रुग्णाला ताप असेल तर हा उशीर जिवावर बेततो.

लग्नाच्या वयात लपवाछपवी वाढते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वात धरले, पण स्थळे येणार नाहीत या धास्तीने काही घरे प्रमाणपत्र काढत नाहीत. दोन्ही जोडीदार एएस असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळ एसएस होण्याची शक्यता 25 टक्के असते. 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीबरोबर समुपदेशनही आहे. मात्र पत्रिका जुळवणारी घरेच रक्ताचा अहवाल मागायला संकोचतात.