तुरीत लपलं म्हणून चिलखत वाढत नाही

यवतमाळकडच्या गावात डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ खेळतानाही हा जुना समज भेटतोच: गोब्लिन (खेळातला छोटा राक्षस) तुरीत शिरला, की त्याच्या चिलखत अंकात, म्हणजे त्याला वार लागायला हल्लेखोरानं गाठायच्या आकड्यात, २ वाढवा. खेळाच्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीत असं नाही. ते २ आडोशाचे, निम्मं अंग झाकणाऱ्या बंडीमागे किंवा दगडी धुऱ्यामागे मिळणारे. पाऊण अंग झाकलं तर ५. तुरीचा पाला बाण अडवत नाही, नजर अडवतो. पीक इतकं दाट की शत्रू दिसतच नाही, तर हल्लेखोरानं वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून लहान आकडा धरायचा. विरळ तुरीत हल्ल्याला काहीच फरक नाही, फक्त हेरणं कठीण. आणि कृपा करून हे विसरू नका, दोन्ही नियम एकाच वेळी लागू शकतात: दाट तुरीत बंडीआड बसलेल्याला दोन्हींचा फायदा द्यायलाच हवा.