प्रारूप विकास आराखड्यावर हरकत किंवा सूचना कशी नोंदवायची?

घराशेजारच्या मोकळ्या जागेवर बगीचा होणार की तिथून रस्ता जाणार, हे विकास आराखड्यात म्हणजे डीपीत ठरतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 नुसार महापालिका किंवा नगरपरिषद आधी त्याचं प्रारूप लोकांसमोर ठेवते. राजपत्रातल्या जाहीर नोटिशीच्या तारखेपासून 30 दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं. बृहन्मुंबईसाठी मुदत 60 दिवसांची आहे. आपल्याला बातमी कळली त्या दिवसापासून मोजू नका.

हरकत फक्त जमीनमालकालाच घेता येते, हा गैरसमज आहे. भाडेकरू, दुकानदार, गृहनिर्माण संस्था, वस्तीतले रहिवासी, कुणीही लिहू शकतं. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. एखाद्या जागेवर शाळेचं किंवा मैदानाचं आरक्षण पडलं, म्हणजे ती त्यासाठी राखून ठेवली, की मालक ते उठवा म्हणून अर्ज करतो, तो त्याचा हक्कच आहे. पण ज्यांच्या मुलांना ते मैदान हवंय, ती माणसं गप्प राहतात, कारण त्यांची ‘हरकत’ नसते. मग हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीपुढे एकाच बाजूचा कागद येतो. म्हणून आरक्षण हवं असेल तर ते कायम ठेवा, अशी सूचनाही लेखी द्या.

आधी नकाशा नीट पाहा. अर्जात गावाचं किंवा पेठेचं नाव, सर्व्हे, गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, नकाशाचा शीट क्रमांक आणि आरक्षण क्रमांक लिहा. मग नेमकी मागणी: आरक्षण वगळा, रस्ता सरकवा, रुंदी कमी करा. ‘आराखडा अन्यायकारक आहे’ एवढ्यावर समितीला काही करता येत नाही.

स्वतःच्या जागेबद्दल लिहीत असाल तर सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, बांधकाम परवानगीची प्रत आणि जागेचे फोटो जोडा. भाडेकरूंनी भाडेपावती किंवा वीजबिल, संस्थेने ठरावाची प्रत द्यावी. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. ती पोच जपून ठेवा, सुनावणीला लागते.

सुनावणी कलम 28 खालच्या नियोजन समितीपुढे होते. महापालिकेत स्थायी समितीचे 3 सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त 4 जाणकार तिच्यात असतात. स्वतः जाणं शक्य नसेल तर अधिकारपत्र देऊन दुसऱ्याला पाठवा. वेळ थोडा मिळतो, कारण अर्ज फार असतात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर 80 हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या होत्या. त्यामुळे एका गल्लीतल्या लोकांनी आधी एकत्र बसून, कोण काय मांडणार ते ठरवून जावं. मालक आणि रहिवासी तिथे समोरासमोर आले तर एकमेकांचं ऐकून घ्या. रस्त्याची आखणी थोडी सरकवून दोघांचं भागणार असेल, तर ते समितीला तिथेच सुचवता येतं.

समितीचा अहवाल नियोजन प्राधिकरणाकडे, म्हणजे महापालिकेकडे किंवा नगरपरिषदेकडे जातो. त्यातून होणारे फेरबदल प्रसिद्ध होतात आणि आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे जातो. शासनाला मोठ्या स्वरूपाचे बदल करायचे असतील तर कलम 31 नुसार त्यांवर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात, आणि त्या नोटिशीची मुदत वेगळी मोजायची असते.